भायखळा-परळचा प्रांतिक मतदारसंघ आणि ‘एकालाच सगळी मते’

‘मुंबई शहर (भायखळा आणि परळ)’ या नावाचा सर्वसाधारण नागरी मतदारसंघ मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या १९३७ च्या निवडणुकीसाठी आखला गेला. बाबासाहेब लोकांच्या मतांवर पहिल्यांदा विधिमंडळात गेले ते इथूनच. १९२७ पासून ते जुन्या कौन्सिलात बसत होते, पण सरकारनियुक्त म्हणून. तेव्हा अस्पृश्यांच्या वतीने कोणी बोलायचे हे गव्हर्नर ठरवत असे.

नावातल्या ‘सर्वसाधारण’ या शब्दाने आजचा वाचक फसतो. तो सर्वांचा मतदारसंघ नव्हता. भायखळ्याला मुसलमानांची मोठी वस्ती, पण त्यांची मते वेगळ्या मुस्लिम मतदारसंघात. ख्रिस्ती, युरोपियन, अँग्लो-इंडियन हेही वेगळे. उरले ते हिंदू, त्यांत अस्पृश्य धरून, आणि पारशी वगैरे. त्यातही मताचा हक्क भाडे, सारा किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणाऱ्यालाच. म्हणजे चाळीत शेजारी-शेजारी राहणारी माणसे मत द्यायला वेगवेगळ्या यादीत, आणि अनेक जण कुठल्याच यादीत नाहीत.

प्रांताच्या १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. पुणे कराराने हे ठरले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण करारावर सह्या झाल्या म्हणून भांडण मिटले नव्हते. ते खरे पेटले मतदारसंघ आखणाऱ्या समितीपुढे, आणि तिथला मुद्दा ऐकायला इतका रुक्ष की चरित्रांतून तो दोन ओळींत उरकला जातो. राखीव जागा नेहमी एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघात असायची. जेवढ्या जागा तेवढी मते प्रत्येक मतदाराच्या हाती. प्रश्न असा की ही मते एकेका उमेदवाराला एकेक अशी विभागून द्यायची, की वाटल्यास सगळी एकालाच देता येतील? पहिल्या पद्धतीला विभागणीची पद्धत म्हणत, दुसरीला संचयी मतदान. सवर्ण पुढाऱ्यांचा आग्रह विभागणीचा होता, अस्पृश्य पुढाऱ्यांचा संचयी मताचा.

आकडे मांडले की आग्रहाचे कारण कळते. तीन जागांचा एक मतदारसंघ धरा. त्यात १,००० मतदार, पैकी ३०० अस्पृश्य. विभागणी सक्तीची असेल तर अस्पृश्यांच्या पसंतीच्या उमेदवाराला त्यांच्याकडून ३००च मते मिळतील. उरलेल्या ७०० मतदारांची दोन मते आपल्या दोन उमेदवारांना गेली, तरी प्रत्येकाकडे एक मत शिल्लक राहते, आणि ते ७०० मतांचे गाठोडे राखीव जागेवरच्या त्यांना सोयीच्या माणसाला काहीही न गमावता देता येते. संचयी पद्धतीत तेच ३०० मतदार आपल्या माणसाला ९०० मते देतात. त्याला पाडायचे तर इतरांना आपल्या खुल्या जागांवरची मते काढून इकडे टाकावी लागतात, म्हणजे स्वतःची जागा पणाला लावावी लागते. राखीव जागा फुकटात खिशात घालता येऊ नये, एवढीच ही मागणी होती. मुंबई प्रांतात ती मान्य झाली. पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून देणाऱ्यांच्या पदरात जे थोडे पडले, त्यात या तांत्रिक वाटणाऱ्या निर्णयाचे वजन फार मोठे आहे, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या सहा महिन्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षासमोर काँग्रेसने इथे उभा केला तो साधा उमेदवार नव्हता. तो होता पालवणकर बाळू. क्रिकेटमधल्या हिंदू संघाचा डावखुरा फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्याने गाजलेला, चांभार समाजातला, स्वतः पुणे करारावर सही केलेला. एके काळी बाबासाहेबांनाही त्याचा अभिमान होता. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, त्याला ११,२२५. फरक २,०२० मतांचा. अशा निसटत्या लढतीत गिरणगावच्या दलित मतदाराला आपली सगळी मते एकाच नावावर टाकता आली, हे विसरून हा निकाल वाचता येत नाही.

निवडून आल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी पद्धत, नष्ट करण्याचे त्यांचे विधेयक आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा एक दिवसाचा संप झाला. परळच्या गिरण्यांवर लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, पुढारी आणि बाबासाहेब त्या दिवशी एकत्र उभे होते. पुढच्या वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरची राजवट आली आणि निवडणूक १९४६ वर गेली. तोवर स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने घेतली होती. प्रांतात फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही. बाबासाहेबांना घटना समितीत जायला बंगालची वाट धरावी लागली.

प्रौढ मताधिकार आल्यावर जुना मतदारसंघ मोडला आणि त्याचे लहान तुकडे झाले. पण मतांच्या विभागणीचा प्रश्न लोकसभेच्या द्विसदस्य मतदारसंघांतून परत आला. १९५१ च्या कायद्याने मतदाराला दोन मते दिली, पण एका उमेदवाराला एकच देता येईल अशी अट घातली. संचयी मत गेले. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब राखीव जागेवर १,२३,५७६ मते घेऊन हरले, जिंकणाऱ्याला १,३८,१३७ मिळाली. याच निवडणुकीत ‘मत कुजवणे’ हा शब्द घरोघरी पोचला. दुसरे मत वाया घालवायचे, ते दुसऱ्या जागेच्या कुणालाही मिळू द्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. बाद ठरलेल्या मतपत्रिकांचा आकडा ७४,३३३ होता आणि प्रकरण निवडणूक अर्जापर्यंत गेले. मते कुजवायला सांगितल्याचा आरोप होता तो १९३८ च्या संपात बरोबर असलेल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यावर, श्रीपाद अमृत डांगे यांच्यावर. ज्यांनी कुजवली त्यांना दोष देणे सोपे आहे. पण १९३७ च्या नियमात सगळी मते एकाला देणे हा मतदाराचा हक्क होता, आणि १९५२ च्या नियमात तसे केले की जादा मतपत्रिका बाद होत होती, ही गोष्ट त्या वादात फारशी कोणी बोलून दाखवली नाही.

पाच वर्षांनी, बाबासाहेबांच्या पश्चात, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून तोच कम्युनिस्ट पुढारी आणि फेडरेशनचा उमेदवार जोडीने निवडून आले. तेव्हा दोघांच्या मतदारांनी आपापले दुसरे मत एकमेकांना दिले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि मतदाराच्या हातात एकच मतपत्रिका उरली.