सीडी-१० पॉझिटिव्ह आलंय, मग?

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) संशयावरून कुणाच्या पोराची बोन मॅरो टेस्ट झाली की रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतोच, आणि त्यात सीडी-१०, सीडी-१९, सीडी-३४, टीडीटी सगळं पॉझिटिव्ह दिसलं की डिचोलीच्या मावशीपासून काणकोणच्या काकापर्यंत सगळे गुगल करून घाबरून बसतात. पण ही सगळी मार्कर, म्हणजे पेशीवरची किंवा पेशीच्या आतली ओळखीची प्रथिनं, कॅन्सरचा शिक्का नव्हे हो. सीडी-१० आपल्या किडनीतही असतं, न्युट्रोफिल या साध्या पांढऱ्या पेशींवरही असतं, आणि मॅरोतल्या अगदी कोवळ्या बी पेशींत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) तर हे चारही असतात, धडधाकट पोरातसुद्धा.

मग लॅबवाले बघतात काय, तर जोड्या, कुठली मार्कर एकाच पेशीवर एकत्र दिसतात ते. फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात, कुठलं मार्कर किती चमकतंय ते मोजलं जातं. नॉर्मल बी पेशी मोठी होताना सीडी-३४ आणि टीडीटी आधी जातात, सीडी-१० उतरत जातं, सीडी-२० नंतर चढतं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात (कोवळ्या बी किंवा टी पेशींच्या कॅन्सरात) हा क्रम बिघडतो, सीडी-३४ आणि भरपूर सीडी-२० एकाच पेशीवर, म्हणजे पहिलीतल्या पोराच्या दप्तरात गोवा बोर्डाचं दहावीचं हॉलतिकीट! शिवाय सीडी-१० भलतंच जास्त किंवा गायबच, सीडी-३८ फिकं, सीडी-५८ जास्त, कधी मायलॉइड या दुसऱ्याच कुळातल्या रक्तपेशींची सीडी-१३, सीडी-३३ सुद्धा चिकटलेली. टी पेशींचं त्यामानाने सोपं, त्या मॅरोत नाही तर थायमस या छातीतल्या ग्रंथीत वाढतात, त्यामुळे आत सीडी-३ आणि सोबत टीडीटी असलेली पेशी मॅरोत सापडली की संशय जवळजवळ पक्काच.

खरी कसोटी किमोनंतर. मॅरो सावरताना कोवळ्या नॉर्मल बी पेशींचं पीक येतं, त्यांना हिमॅटोगोन म्हणतात, आणि या गर्दीत १०,००० पेशींमागे एखादी ल्युकेमियाची उरलीय का ते शोधायचं असतं, या उरल्यासुरल्या रोगालाच एमआरडी म्हणतात. त्यातून स्टेरॉइडमुळे उरलेल्या पेशींचं सीडी-१० आणि सीडी-३४ कमी होऊ शकतं, सीडी-२० वाढू शकतं, म्हणून नुसता पहिला रिपोर्ट शेजारी ठेवून जुळवणं पुरत नाही, नॉर्मल पेशी कशा दिसतात हे मुरलेल्या नजरेलाच कळतं. आणि ब्लिनाट्युमोमॅब (अँटिबॉडीचं औषध) किंवा कार-टी (लॅबमध्ये बदललेल्या टी पेशी) दिलं असेल तर आणखी एक भानगड, ही औषधं सीडी-१९ वरच नेम धरतात आणि काही ल्युकेमियाच्या पेशी सीडी-१९ टाकूनच देतात, मग त्यांना सीडी-२२, सीडी-२४ वरून हुडकावं लागतं.