लग्नाचा व्हिडिओ नेटवर टाकताय? आधी हे वाचा

घरच्या टीव्हीवर लख्ख दिसणारा व्हिडिओ मावशींच्या मोबाईलवर धुरकट दिसतो, नाहीतर यूट्यूबवर चढवला की त्याचा आवाजच गायब होतो. डिलिव्हरीनंतर आम्हाला येणारे बहुतेक फोन याच दोन तक्रारींचे असतात. दोन्हींवर इलाज आहे, फक्त तो एडिटिंगला बसण्याआधी ठरवावा लागतो.

अक्षता पडताना चित्र का फुटते?

आम्ही देतो ती फुल एचडी प्रत १९२० बाय १०८० पिक्सेलची असते. पण नेटवर नुसत्या पिक्सेलवर भागत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा मिळतो, तेही तितकेच महत्त्वाचे. व्हिडिओ लहान करताना अॅप प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच नोंदवते. अंतरपाट धरलेला आहे, गुरुजी मंगलाष्टका म्हणताहेत, मंडळी उभी आहेत, तोवर थोडक्यात निभावते. 'शुभमंगल सावधान' झाले की अक्षता हवेत, शंभर हात हलताहेत, फ्लॅश उडताहेत. बदलले सगळेच, डेटा मात्र तेवढाच. मग नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात आणि शालूच्या जरीचा नुसता पिवळा पट्टा होतो. ज्या क्षणासाठी शूटिंग ठेवले तोच सगळ्यात खराब दिसतो. यात कॅमेरामनचा दोष नसतो, हे जरा ठासूनच सांगतो.

व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो लहान होऊनच जातो. एचडी निवडले तरी मूळ प्रत जात नाही. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर जसाच्या तसा जातो. मर्यादा २ जीबीची आहे. आमची तीन मिनिटांची हायलाइट फिल्म साधारण ४५० एमबीची असते, त्यामुळे ती आरामात बसते. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असे गॅलरीत उतरवून पुन्हा पाठवणे मात्र टाळा. प्रत्येक फेरीत चित्र आणखी उतरते.

यूट्यूबही प्रत्येक व्हिडिओ स्वतःच्या पद्धतीने नव्याने बनवते. अपलोड झाल्या झाल्या आधी कमी दर्जाची प्रत दिसते, एचडी आणि ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) मागाहून येते. तेव्हा लिंक ग्रुपवर टाकायची घाई करू नका. यूट्यूबसाठी आम्ही १०८० चे शूटिंगही ४के आकारात मोठे करून देतो. त्याने तपशील वाढत नाही, पण मोठ्या प्रतीला यूट्यूब जास्त डेटा देते आणि अक्षतांचा प्रसंग बराच वाचतो. आणखी एक: खात्याची पडताळणी केलेली नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही.

आईवडिलांच्या लग्नाची जुनी कॅसेट आणणाऱ्यांसाठी: तिचे चित्र मुळातच ७२० बाय ५७६ एवढे. आम्ही कडांवरचे कंगव्यासारखे दात काढतो, रंग सावरतो. पण मोठ्या टीव्हीचा पडदा भरावा म्हणून चित्र आडवे ताणा म्हणू नका, सगळे वऱ्हाड जाडजूड दिसते.

गाणे कोणाचे?

'मांडवात वाजवलेले चालते, मग व्हिडिओत का नाही?' हा प्रश्न रास्त आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणे वाजवण्याला सवलत आहे. ती नेमकी कुठवर, यावर कोर्टकज्जेही झाले. लग्नात गाणी वाजवायला परवानगी लागत नाही असे सांगणारे गोवा सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. पण ही सवलत समारंभापुरती. तेच गाणे व्हिडिओला जोडून जगभर दाखवणे ही वेगळी गोष्ट.

यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे गाणी ओळखणारी यंत्रणा, प्रत्येक व्हिडिओचा आवाज संगीत कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो. व्हिडिओ 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, ठेवला तरी तपासणी होते. गाणे जुळले की 'क्लेम', म्हणजे मालकाचा हक्काचा दावा, येतो. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे कंपनीला जातात, ते ठीक. कधी तो काही देशांत बंद होतो. मग इथे दिसतो आणि अमेरिकेतल्या भावाला दिसत नाही. क्लेम म्हणजे 'स्ट्राइक' (चॅनेलवर लागणारा नियमभंगाचा ठपका) नव्हे. मालकाने रीतसर व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत तीन बसले तर चॅनेल जाऊ शकते.

'तीस सेकंदांपर्यंत चालते', 'खाली श्रेय लिहिले की झाले', 'सूर थोडा वर चढवा' हे सल्ले आम्हालाही रोज मिळतात. एकालाही आधार नाही. इन्स्टाग्रामवर अॅपमधलेच गाणे लावलेत तर ती परवानगी तिथल्यापुरतीच. ते रील उतरवून यूट्यूबवर टाकलेत की ती संपली. समर्थांच्या आरतीचे शब्द सतराव्या शतकातले, म्हणून मोकळे. तुम्ही घरी टाळ्या वाजवत म्हटलेली आरती खुशाल टाका. कंपनीने काढलेले तिचे ध्वनिमुद्रण मात्र प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे हक्काचे असते. बँडवाल्यांनी सिनेगीत वाजवले तर वादन त्यांचे, पण चाल संगीतकाराची, तेव्हा तिथेही क्लेम येऊ शकतो.

खरी पंचाईत हॉलच्या स्पीकरची. गुरुजींच्या आवाजामागे गाणे वाजत असेल तर दोन्ही एकाच ध्वनिपट्टीत मिसळतात. यूट्यूब स्टुडिओत नुसते गाणे पुसायची सोय आहे; कधी जमते, कधी मंत्रही फाटतात. म्हणून आम्ही गुरुजींजवळ वेगळा माइक ठेवतो, आणि तुम्ही डीजेवाल्याला विधी चालू असताना गाणी बंद ठेवायला सांगा.

आमचे मत विचाराल तर हायलाइटला सिनेगीत नकोच. सनई, जात्यावरची ओवी म्हणणारी आजी, उखाणा घेताना अडखळलेली नवरी, हा आवाज दुसऱ्या कोणाच्या व्हिडिओत मिळत नाही. संगीत हवेच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले मोफत तुकडे आहेत, किंवा आम्ही परवाना घेतलेले. काही तुकड्यांना श्रेय द्यावे लागते. तो मजकूर आम्ही फाइलसोबत देतो.

बुकिंगच्या वेळी एवढे सांगा: व्हिडिओ कुठे जाणार आणि तुमच्या आवडीचे गाणे हवेच आहे का. हवे असेल तर दोन प्रती करतो, घरच्या पेनड्राइव्हवर तुमच्या गाण्याची आणि नेटसाठी वेगळी. अपलोड करताना 'चेक्स'च्या पायरीवर कॉपीराइटची सूचना आली तर 'पब्लिश' न दाबता तिचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. मूळ फायली डिलिव्हरीनंतर सहा महिने आमच्याकडे असतात, तेवढ्यात गाणे बदलून देण्याचे पैसे घेत नाही.