हिप फ्लेक्सर स्ट्रेचिंग

मांडी पोटाकडे उचलणाऱ्या, म्हणजे खुबा पुढून वाकवणाऱ्या स्नायूंना ताण देण्याचा व्यायाम. हे स्नायू आखडले की पाय शरीराच्या मागे पुरेसा जात नाही. गटातला सर्वांत जोरकस स्नायू इलिओसोआस. त्याचा सोआस हा भाग कमरेच्या मणक्यांपासून निघतो, इलियाकस कटीच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागातून. दोन्ही मांडीच्या हाडाला वरच्या बाजूला आतून जोडले जातात. मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस खुबा आणि गुडघा असे दोन्ही सांधे ओलांडतो, त्यामुळे मागे नेलेल्या पायाचा गुडघाही वाकवला की तो जास्त ताणला जातो.

आखडलेपणा पाहायला फिजिओथेरपिस्ट थॉमस चाचणी करतात. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) या अस्थिशल्यविशारदाच्या नावाने ती ओळखली जाते. उताणे झोपून एक गुडघा छातीशी घट्ट धरायचा. दुसरी मांडी पलंगाला टेकली नाही तर त्या बाजूचे स्नायू आखडलेले आहेत असे समजतात.

रूढ प्रकार एक गुडघा जमिनीवर टेकवून करतात. गुडघ्याखाली चादरीची घडी असावी. बहुतेकांची चूक येथेच होते. पुढचा गुडघा जोरात पुढे रेटला जातो, कंबरेत बाक येतो, आणि खुब्यात व्हायची हालचाल मणक्यांत होते. त्याऐवजी मागच्या पायाकडचा नितंब आवळून माकडहाड खाली दाबल्यासारखे करावे. मग बोटभरही पुढे न सरकता जांघेत ओढ जाणवते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ताण १० ते ३० सेकंद धरावा, आठवड्यातून किमान २-३ दिवस. सुरुवातीच्या काही आठवड्यांत सांधा मोकळा वाटतो तो स्नायू लांबल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः ताण सोसण्याची सवय झाल्यामुळे.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रचार केलेल्या सूर्यनमस्कारातही एक पाय मागे टाकण्याची स्थिती आहे. मात्र भराभर घातलेल्या नमस्कारांत ती क्षणभरच टिकते, तेव्हा स्ट्रेचिंगचे काम तिच्यावर सोपवता येत नाही.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या कंबरदुखीचे खापर सरसकट सोआसवर फोडण्याची हल्ली पद्धत पडली आहे. कंबरदुखीला इतरही बरीच कारणे असतात. ताण देताना जांघेत खोलवर टोचले किंवा सांधा अडकल्यासारखा वाटला तर थांबून तपासून घ्यावे. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी शल्यविशारदाला विचारल्याशिवाय पाय मागे ताणू नये.