नीरा कालव्याखालची क्षारपड: थोडी पार्श्वभूमी

नीरेचा डावा कालवा काढला तो दुष्काळासाठी, उसासाठी नव्हे. १८७६-७७ चा दुष्काळ ताजा होता आणि बारामती-इंदापूरकडची ज्वारी-बाजरी जगवायची होती. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाटाकडे फिरकायचा नाही आणि पाणीपट्टी बुडायची. कालवा तोट्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर ब्लॉक पद्धतीचा तोडगा निघाला: ठरलेल्या गटाला काही वर्षांच्या करारावर बारमाही पाणी, साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीत हंगामी पिकं. कागदावर फेरपालट चोख होती. १९२८ मध्ये भाटघरचं मोठं धरण झालं, पुढे साखर कारखाने आले आणि फेरपालट कागदावरच राहिली.

जमिनी खारवण्याचं दुखणं मात्र त्याआधीचं. १९१० च्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजातून नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींची पाहणी झाली होती. १९१६ साली पुण्यात सरकारी संशोधन विभाग निघाला, तोही पाटपाण्याची रीत सुधारण्यासाठीच. (आज खडकवासल्याला बंदरांची मॉडेलं पाहायला जातो, ती केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली.)

खरा घोळ शब्दाचा आहे. ‘क्षारपड’ म्हणून आपण तीन वेगळी दुखणी एकाच पोत्यात भरतो. पाणथळ जमिनीत भूजल मुळांपर्यंत चढतं, वाफसाच (पेरणी-मशागतीजोगी ओल) येत नाही. क्षारयुक्त जमिनीत तेच पाणी वर येऊन उडून जातं आणि उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरं मीठ फुटतं. चोपण त्याहून अवघड. तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसतं. ओली असताना पाय रुततो, वाळली की कुदळ ठणकन उडते. पांढरं फारसं दिसतही नाही, उलट कधी काळपट थर दिसतो. शेतातल्या खड्ड्यातलं पाणी बघावं: नितळ राहिलं तर बहुधा नुसते क्षार, दिवसेंदिवस गढूळच राहिलं तर चोपण. हा फरक पंडिती नाही. क्षारयुक्त जमीन चर काढून पाण्यानं धुता येते. चोपण नुसती धुतली तर क्षार निघून जातात, सोडियम राहतं आणि माती आणखी घट्ट बसते. तिला निचऱ्याबरोबर जिप्सम हवंच. क्षारपड जमिनींच्या याद्यांमध्ये मात्र दोन्हींवर एकच शिक्का.

‘शेतकऱ्यानं पाणी जास्त दिलं’ हे कारण अहवालांना फार आवडतं. ते खोटं नाही, अर्धवट आहे. मातीचा कालवा वर्षानुवर्षं पाझरत होता. शिवाय पुढचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पुढची पाळी, कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस रात्री चारी फोडून सरी तुडुंब भरूनच घेतो.

आता निचऱ्यासाठी सच्छिद्र पाईप जमिनीखाली गाडतात. त्यांचा खर्च अनुदानातून निघेलही, पण पाईपचं तोंड ओढ्याला मिळायला हवं, आणि ओढा खालच्या शेतकऱ्यानं कधीच बुजवून त्यावर ऊस लावलेला असतो.