पिवळं खाऊन लाल होणारा पक्षी

‘लाल पक्षी अंगणात आला, की समजावं गेलेलं माणूस भेटायला आलं.’ कार्डिनल पक्ष्याबद्दल अमेरिकेत ही समजूत प्रचलित आहे. पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याची सवय असलेल्या आपल्या मनाला ती चटकन पटते. आठवणीनं कुणाचे डोळे भरले तर ते मी समजू शकते. पण कार्डिनल स्थलांतर करत नाही. तो अमेरिकेतल्या तुमच्या अंगणात दिसतो, कारण बारा महिने त्याचं घरच तिथं असतं.

आणि खरं नवल त्याच्या रंगात आहे.

आकारानं बुलबुलापेक्षा थोडा मोठा, डोक्यावर तसाच तुरा. नर लालभडक, चोचीभोवती काळा मुखवटा. मादी फिकट तपकिरी, पण चोच नरासारखीच केशरी-लाल. चोच काळपट असेल तर ते यंदाचं पिल्लू.

हा लाल रंग त्याला आयता मिळत नाही. फळं, किडे यांतून मिळतात ती बहुतेक पिवळी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं. त्यांच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते. पक्ष्याच्या शरीरातलं एक विकर (एन्झाइम) साखळीच्या टोकाच्या कड्याला ऑक्सिजन जोडतं. त्यानं एकाआड एक बंधांची ही रांग आणखी लांबते, रेणू निळ्याबरोबर हिरवा प्रकाशही शोषू लागतो आणि उरतो तो लाल. या विकराचं जनुक, सीवायपी२जे१९, २०१६ साली कॅनरी आणि झेब्रा फिंच या पक्ष्यांत सापडलं. २०१८ मध्ये अ‍ॅलाबामातल्या अ‍ॅलाबास्टर गावी चक्क पिवळा कार्डिनल दिसला. पिवळ्याचं लाल करण्याची पायरीच त्याच्यात अडली असावी, असं तज्ज्ञांचं मत पडलं.

पीस एकदा पूर्ण वाढलं की ते निर्जीव, त्यात नवा रंग भरता येत नाही. म्हणून उन्हाळा सरताना, जुनी पिसं गळून नवी येतात तेव्हा, खाण्यात काय आहे याला महत्त्व. अंगणात डॉगवूडचं फळझाड किंवा रानद्राक्षाचा वेल असू द्या.

दाण्यांत सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतातच, पण करडई ठेवून पाहा. हो, आपली सोलापूर-मराठवाड्यातलीच करडई! खारी तिला सहसा तोंड लावत नाहीत, कार्डिनलची जाड चोच मात्र ती सहज फोडते. दाणे पसरट ताटात, झुडपाच्या जवळ ठेवा. अगदी पहाटे आणि तिन्हीसांजेला, बाकीचे पक्षी नसताना, जोडी येते. वसंतात नर दाणा सोलतो, बाजूला सरकतो आणि मादीच्या चोचीत देतो.