ठगांचं अंकगणित

डिसेंबर 1989 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे 20,000 लोकांना टपालाने एक फ्लॉपी आली. आपल्याला एड्सचा धोका किती, हे सांगणारा प्रोग्राम तिच्यात होता आणि तो खरोखर चालायचाही. पण संगणक साधारण 90 वेळा सुरू करून झाला की फायलींची नावं अगम्य होऊन जायची आणि पडद्यावर मागणी यायची : पनामातल्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर 189 डॉलर पाठवा. हा उद्योग जोसेफ पॉप नावाच्या जीवशास्त्रज्ञाचा. आज ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, त्याचा हा पहिला ज्ञात नमुना.

पॉपचा खर्च बघा. वीस हजार फ्लॉप्या, तेवढीच पाकिटं, वर तिकिटं. आज तितकेच ईमेल पाठवायला जवळपास काहीच लागत नाही, आणि माझ्या मते सायबर गुन्ह्यातलं निम्मं गूढ इथेच उलगडतं. खिसेकापूला गर्दीत स्वतः उभं राहावं लागतं, एका वेळी एकच खिसा कापता येतो. ऑनलाइन ठग लाखो लोकांपुढे गळ टाकतो. एक जरी लागला तरी त्याचं भागतं.

मग ते ईमेल इतके बावळट का असतात? अब्जावधींचा वारसा, परागंदा राजपुत्र, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद! मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये याचं मोठं मार्मिक उत्तर दिलं. ईमेल फुकट जातो, पण कुणी उत्तर दिलं की पुढे अनेक दिवस माणसाला बसून बोलावं लागतं. अर्ध्यावर ज्याला शंका येईल, त्याच्यावरची मेहनत वाया. म्हणून बनाव मुद्दामच हास्यास्पद ठेवायचा. शहाणे हसून पुढे जातात आणि चाळणीत नेमके हवे तेच उरतात.

आता मात्र ते बोलण्याचं कामही यंत्र करू शकतं, तेही निर्दोष भाषेत. चाळणीची गरजच कमी झाली. ‘चुकीची भाषा दिसली की सावध व्हा’ हा सल्ला त्यामुळे फारसा कामाचा उरलेला नाही. फसवणारा धाक आणि घाई या दोनच गोष्टींवर भर देतो : खातं बंद होणार, अटक होणार, दहा मिनिटांत उत्तर द्या. मन भीतीने व्यापलं की पडताळून पाहायला जागा राहत नाही. मग पदवी कितीही मोठी असो.

समाजाचा हिशेब आणखी विचित्र आहे. चोराने पाकीट मारलं तर निदान जेवढं तुमचं गेलं तेवढं त्याला मिळतं. 12 मे 2017 रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरचं तसं झालं नाही. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. दीडशेच्या आसपास देशांत त्याचा फटका बसला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेवर कुणी नेम धरला नव्हता, तरी तिथे रुग्णांच्या सुमारे 19,000 भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज आहे. आणि हल्लेखोरांच्या बिटकॉइन खात्यांत जमलं किती? जेमतेम दीड लाख डॉलर. बाकीचं नुकसान कुणाच्याच खिशात गेलं नाही. हल्लेखोराच्या वहीत ते खर्च म्हणून लिहिलेलंही नसतं, त्यामुळे ते टाळण्याचं त्याला काही कारणही नसतं.

या हिशेबात एक रक्कम आपण सगळे मिळून भरतो. ‘एवढा शिकलेला, फसला कसा?’ हा आपला प्रश्न चोराच्या फार उपयोगी पडतो. लुबाडलेली रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात, तिथून रोखीत किंवा क्रिप्टोत, असा तिचा प्रवास काही तासांत उरकतो. ती खात्यात असेपर्यंतच बँकेला गोठवता येते. फसलेला माणूस तेवढ्या वेळात ही गोष्ट घरच्यांपासून लपवत असतो.