ॲन्युइटी आणि एसडब्ल्यूपी: पैसे दोन्हींतून दरमहा येतात, पण जोखीम कुणाची?

शेअर बाजार कोसळला की सोलापुरात दोन तऱ्हेची निवृत्त माणसं दिसतात. काहींनी विमा कंपनीकडून ॲन्युइटी (एकरकमी पैशांच्या बदल्यात आयुष्यभर ठरलेली रक्कम) घेतलेली असते, तरी टीव्हीवरचा सेन्सेक्सचा लाल आकडा पाहून त्यांची झोप उडते. काहींच्या खात्यात म्युच्युअल फंडाच्या एसडब्ल्यूपीतून (सिस्टिमॅटिक विथड्रॉवल प्लॅन, म्हणजे फंडातले आपलेच पैसे हप्त्याहप्त्याने काढण्याची सोय) दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा होते, आणि ती वेळेवर येतेय म्हणून ते निर्धास्त असतात. खरं तर पहिल्यांनी शांत झोपावं आणि दुसऱ्यांनी जागं व्हावं, अशी ती वेळ असते.

हा गोंधळ होतो, कारण पासबुकात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. शिवाय विकणारे दोन्हींना ‘पेन्शन’च म्हणतात.

सोलापुरात हा फरक समजून घेण्याची गरज वाढत चालली आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर इथल्या पिढ्या जगल्या. गिरणी, विडी किंवा कारखान्यात पीएफ कापून घेत आयुष्य काढलेल्या कित्येकांच्या हाती ईपीएस-९५ची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन येते. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. दुसरीकडे, १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन जाऊन आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान पेन्शन योजना) आणि मग एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आली. उशिरा नोकरी लागलेले त्यांतले शिक्षक आणि लिपिक आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे साठीनंतर स्वतःची पेन्शन स्वतः उभी करणारी घरं आता गल्लोगल्ली असणार.

ॲन्युइटीत तुम्ही विमा कंपनीला एकरकमी पैसे देता. त्यांना खरेदी किंमत म्हणतात. त्या बदल्यात कंपनी तुम्ही जिवंत असेपर्यंत ठरलेली रक्कम देण्याचं लेखी वचन देते. दर पहिल्याच दिवशी ठरतो. नंतर व्याजदर घसरोत, बाजार अर्ध्यावर येवो, तुम्ही ९८ वर्षं जगा, रक्कम तीच राहते. एसडब्ल्यूपीत पैसे तुमचेच असतात आणि तुमच्याच नावावर राहतात. फंड दर महिन्याला तुमची थोडी युनिटं (फंडातले तुमचे हिस्से) विकून पैसे खात्यात टाकतो. आपल्या पेवातली ज्वारी आपणच महिन्याला मापून काढावी, तसा हा व्यवहार आहे. पेव कधी रिकामं होईल याची हमी कुणीच देत नाही.

तुमच्याकडे यातलं नेमकं काय आहे, हे कागदावरून लगेच कळतं. कागदावर पॉलिसी क्रमांक आणि खरेदी किंमत असेल आणि हयातीचा दाखला मागत असतील, तर ती ॲन्युइटी. फोलिओ क्रमांक (फंडातला खाते क्रमांक), युनिटं आणि एनएव्ही (एका युनिटाची त्या दिवसाची किंमत) असेल, तर ती एसडब्ल्यूपी.

बाजार पडतो तेव्हा

समजा, तुम्ही २० लाख रुपये फंडात ठेवले आणि तेव्हा एनएव्ही ५० रुपये होती. तुमच्याकडे ४०,००० युनिटं आली. महिन्याला १२,००० रुपये हवे असतील तर २४० युनिटं विकली जातात. आता एनएव्ही ३५ वर आली. खात्यात १२,००० रुपयेच येतात, पण त्यासाठी साधारण ३४३ युनिटं विकावी लागतात. एनएव्ही वर्षभर तिथेच रेंगाळली, तर २,८८० ऐवजी ४,१०० हून अधिक युनिटं जातात. बाजार पुढे सावरला तरी विकलेली युनिटं परत येत नाहीत. पासबुकात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मी या निर्धास्तपणाला घाबरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परताव्याचा क्रम. दोन जणांनी प्रत्येकी २० लाख गुंतवले. एकाला तीन वर्षांत अनुक्रमे उणे ३० टक्के, १० टक्के आणि ३० टक्के परतावा मिळाला. दुसऱ्याला तेच आकडे उलट क्रमाने मिळाले. काहीच काढलं नाही, तर दोघांकडेही शेवटी २० लाख २ हजार रुपये उरतात. पण दोघांनी दर वर्षाअखेर दीड लाख काढले, तर पहिल्याकडे १४ लाख ४२ हजार उरतात आणि दुसऱ्याकडे १६ लाख ३१ हजार. पावणेदोन लाखांहून जास्त तफावत पडते, ती केवळ पडझड आधी आली की नंतर यामुळे. नोकरीत असताना बाजार पडला तर एसआयपीला (दरमहा ठरलेल्या गुंतवणुकीला) स्वस्तात युनिटं मिळतात. निवृत्तीनंतर तोच बाजार उलट बाजूने कापतो. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० वर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या आसपास आला होता. त्याच जानेवारीत निवृत्त होऊन ज्यांनी इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडातून पैसे काढायला सुरुवात केली, त्यांच्या वाट्याला पहिल्या तीन महिन्यांतच हे आलं.

‘डेट फंडातून (रोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडातून) काढू, मग भीती नाही’ असं म्हणणारेही भेटतात. चढ-उतार कमी असतात, हे खरं. पण एप्रिल २०२० मध्ये देशातल्या एका फंड घराण्याने सहा डेट योजना गुंडाळल्या आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकले, हेही त्याच वर्षी घडलं.

आणि ‘महिना एक टक्का’ हे आमिष ऐकून सही करू नका. २० लाखांवर महिना २०,००० म्हणजे वर्षाला १२ टक्के. फंडाने एकही वाईट वर्ष न दाखवता सलग ९ टक्के दिले, तरी पैसे साधारण साडेपंधरा वर्षांत संपतात. साठीला सुरू केलेली एसडब्ल्यूपी पंचाहत्तरीत आटते, नेमकी औषधांचा खर्च वाढतो तेव्हा. निवृत्त माणसाने वर्षाला पाच टक्क्यांच्या वर काढू नये, असं माझं मत आहे.

मग ॲन्युइटीत धोका नाही?

आहे. तो महागाईचा. आज ठरलेले १०,००० बारा वर्षांनीही १०,००० च असतात. महागाई ६ टक्के धरली, तर तेव्हा त्यांची किंमत आजच्या ५,००० एवढी उरते. दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ देणारा पर्याय मिळतो, पण त्यात सुरुवातीची रक्कम कमी असते. दुसरं म्हणजे पैसे अडकतात. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्यानंतर काही पर्यायांत सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे परत घेणं) किंवा कर्जाची सोय असते, पण अडीनडीला चटकन पैसे काढण्याची ती जागा नव्हे.

पण माझ्या मते खरी चूक पर्याय निवडताना होते. सर्वांत जास्त रक्कम देणारा पर्याय बहुधा ‘फक्त हयातभर’ हा असतो. पेन्शनधारक गेला की तो थांबतो, घरी काहीच उरत नाही. आपल्याकडे अनेक घरांत बायकोच्या नावावर स्वतःचं उत्पन्न नसतं, आणि ती बहुतेकदा वयानेही लहान असते. तिथे जोडीदारालाही शंभर टक्के चालू राहणारी संयुक्त ॲन्युइटीच घ्यावी. महिन्याला काही रुपये कमी मिळाले तरी चालतील. ज्यांना मुलांसाठी मूळ रक्कम मागे ठेवायची आहे, त्यांच्यासाठी खरेदी किंमत परत मिळण्याचा पर्याय आहे. त्याचा दर आणखी कमी असतो. सही करण्याआधी हे आकडे बायकोला शेजारी बसवून पाहा, कारण सर्वांत जास्त परिणाम तिच्यावर होणार असतो.

करावरून एसडब्ल्यूपी श्रेष्ठ, असं ऐकायला मिळतं. ॲन्युइटीची पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, तर एसडब्ल्यूपीत फक्त नफ्यावर कर लागतो. इक्विटी फंडात वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटांच्या नफ्याला १.२५ लाखांपुढे १२.५ टक्के, आणि १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडात तुमच्या स्लॅबप्रमाणे. पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर शून्य झाला आहे. इक्विटीच्या त्या १२.५ टक्के करावर मात्र ही सूट चालत नाही. सोलापुरातल्या सर्वसाधारण निवृत्त माणसासाठी हा मुद्दा आता जवळजवळ निकाली निघाला आहे.

मग काय करावं? आधी वहीत घराचा न टळणारा खर्च मांडा: किराणा, वीज, गॅस, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता. तेवढे पैसे बाजाराशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून यायला हवेत. त्यासाठी ॲन्युइटीआधी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं आणि खातं उघडतानाचा दर पाच वर्षं बदलत नाही. मात्र पाच वर्षांनी पुढचा दर काय असेल ते सांगता येत नाही, आणि आयुष्यभराची खात्री हवी तिथे ॲन्युइटीला तोड नाही. वय वाढेल तसा ॲन्युइटीचा दर वाढतो, म्हणून सगळी एकदम घेण्यापेक्षा साठीला थोडी, पासष्टी-सत्तरीला थोडी अशी घेतलेली बरी. एनपीएसमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांना निवृत्तीवेळी सहसा किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागते. त्यांनी ती धरूनच हिशेब मांडावा.

न टळणारा खर्च भागल्यावर जे उरेल, त्यातून एसडब्ल्यूपी. तीर्थयात्रा, नातवंडांचं कौतुक, घराची रंगरंगोटी असे पुढे ढकलता येणारे खर्च तिच्यावर टाकावेत. दोन-तीन वर्षं काढायची रक्कम लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) किंवा एफडीत वेगळी ठेवा आणि बाजार पडला की तिथून घ्या. इक्विटीतली युनिटं तोवर हलवू नका. बाजार वर असलेल्या वर्षी ही वेगळी रक्कम पुन्हा भरून घ्या. एसडब्ल्यूपी थांबवता येते, हीच तिची खरी ताकद आहे. ज्याची चूल तिच्यावरच पेटते, त्याला ही ताकद वापरताच येत नाही.

ज्यांची एसडब्ल्यूपी आधीच सुरू आहे, त्यांनी फंडाचं स्टेटमेंट काढून वर्षभरापूर्वीची आणि आजची शिल्लक युनिटं शेजारी लिहावीत. वर्षात पाच-सहा टक्क्यांहून जास्त युनिटं कमी झाली असतील, तर रक्कम कमी करण्याचा अर्ज या महिन्यातच द्या.